फाटकापाशी लावलेले दात

वेणूमावशी दात लावत ते आमच्या कॉलेजच्या फाटकाशी असलेल्या नळावर. पदराची गाठ सोडायची, कवळी धुवायची, भिंतीकडे तोंड करून बसवायची आणि मग आत यायचं. परत जाताना त्याच नळावर थांबून कवळी पुन्हा पदरात. बसच्या हिसक्यानं पडू नये म्हणून जपत असतील, असं मला बरेच महिने वाटत होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी खाप्याहून नागपुरात दंतवैद्यकीला आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे सर सांगतील ते काम मी जीव ओतून करत असे. प्रबंधासाठी मला कवळीच्या दातांची झीज मोजायची होती. सगळे दात गेलेल्या काही जणांना आम्ही कवळ्या करून दिल्या होत्या, एका बाजूला चिनीमातीच्या दाढा, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या. दर महिन्याला त्यांना बोलवायचं, दाढांचा ठसा घ्यायचा आणि आधीच्या ठशाशी ताडून पाहायचा. वेणूमावशी त्या मंडळींतल्या एक.

त्या नागपुरातल्या महाल भागात राहत. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून त्या भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या घरी स्वयंपाक सांभाळून होत्या. माहेर खाप्याचं. मी तिथला आहे हे कळल्यापासून खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न गावच्या नदीचा ठरलेला, "कन्हानले पाणी हाय का गा?" मी आहे म्हटलं की त्या मान मागे टेकत. एकदा मी विचारलं, मावशी, जाऊन का येत नाही? त्यावर म्हणाल्या, "कोन नेऊन देते बापा? मले तर मागच्या दारातून पुढच्या दारात यायचं तरी पुसा लागते."

तपासणी झाली तरी त्या लगेच निघत नसत. आवारात कडुनिंबाखाली एक बाक होता. फाटकावर घेतलेले फुटाणे तिथे बसून एकेक करून चावत. मी जवळून गेलो की पुडी पुढे होई. "घे गा, माहेरच्या. आवाज पाह्य कसा येते."

वर्ष होत आलं तसं इतरांच्या प्लास्टिकच्या दाढा नुसत्या डोळ्यांनाही सपाट दिसू लागल्या. मावशींच्या मात्र दोन्ही बाजू नव्यासारख्या. काहीतरी वेगळं हाती लागलं म्हणून मी खूश झालो आणि त्यांना विचारलं, घरी काय काय खाता?

त्या म्हणाल्या, "घरी नाई लावत मी."

"का?"

"भासऱ्यांच्या तोंडात एक दात नाई. लावून घ्या म्हटलं तर आयकत नाई. ते पोळी कुस्करून खातेत, अन् मी त्यांच्या घरात कडकड चावू? बरं दिसते का?"

मी सरांना सांगितलं. न वापरलेल्या दातांची झीज काय मोजणार, ते म्हणाले, दुसरा रुग्ण घे आणि बाईंना यायची गरज नाही म्हणून सांग. सरांचं काही चूक नव्हतं. पण घरातून एकटीनं बाहेर पडायला मावशींपाशी हे एवढंच कारण होतं.

पुढच्या महिन्यात मी बोलायला सुरुवात करणार, तोच त्यांच्या मागोमाग भासरे आत आले. उंच, डोक्यावर टोपी, गाल आत गेलेले. मावशी पदर कपाळावर ओढून भिंतीला लागून उभ्या राहिल्या. कवळी त्या दिवशी पदरातच होती.

"डाक्टरसाहेब, हे कधीलोक चालन?" भासऱ्यांनी विचारलं. "घरी तर हिच्या तोंडात आम्ही दात पाह्यले नाई. मंग बोलावता काहून?"

मावशींनी पदराची गाठ मुठीत धरली होती. शेजारच्या टेबलावर सरांचं लिहिणं थांबलं.

"दात झिजेपर्यंत यावंच लागतं," मी म्हणालो.

"अन् झिजायले किती टाइम लागते?"

"ते ज्याच्या त्याच्या वापरावर आहे."

भासऱ्यांनी सरांकडे पाहिलं. "बरोबर सांगतोय तो," सर म्हणाले आणि पुन्हा लिहू लागले.

प्रबंधात मावशींचे ठसे धरले नाहीत. त्या मात्र येत राहिल्या. प्रबंध संपला, मी तिथेच शिकवू लागलो, तरी येत राहिल्या. मी हिरड्या पाही, कवळी घासून देई, कन्हानचं पाणी सांगे. माझ्याबरोबर खाप्याला चला, असं मी दोन-तीनदा म्हटलं. त्या ऐकून घेत आणि दुसरंच काही विचारत. एकदा सुचवलं, आता घरीही दात लावत चला.

"राहू दे गा," त्या म्हणाल्या. "तिथं लावून झिजवले, तर मंग इथं कशाले येऊ?"

एका हिवाळ्यात त्या आल्या नाहीत. काठी टेकत भासरे आले. ताप डोक्यात गेला, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही म्हणाले. त्यांनी रुमाल सोडून कवळी माझ्यापुढे ठेवली.

"सरकारी वस्तू हाय. घरात कशाले ठेवू?" मग उठता उठता थांबले. "झिजले का, पाहून घ्या."

मी कवळी भिंगाखाली धरली. चिनीमातीची बाजू जशीच्या तशी होती. प्लास्टिकच्या एका दाढेवर नखाच्या टोकाएवढी जागा सपाट झाली होती.

"झिजलेत," मी म्हणालो. "थोडेसे."

"घरी तर तिनं कधी लावले नाई. मंग कुठं झिजले?"

मी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि कडुनिंबाखालचा बाक दाखवला.