ओट्यावरची शिकवणी

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाईट आहे, माफी असावी. पण मोताळ्याचे ते इंग्रजीचे मास्तर आठवले की अजून संताप येतो. जुने, लांबलचक शब्द ते फळ्यावर तोडून दाखवत: नॉट-विथ-स्टँ-डिंग. जोर द्यायच्या तुकड्यावर छडी आपटत. मुलगे आत बसत. माझी मुलगी बाहेर ओट्यावर. फी मात्र सारखीच.

परपुरुषाशी कधी न बोललेली मी दारात गेले.

"मास्तर, फी पुरी घेता, मंग पोरीले फळा काऊन दिसू देत नाही?"

"पोरीच्या जातीले ऐकलं तेवढं लय झालं, बाई."

"तिलेबी आत बसवा."

"मंग घेऊन जा तिले!"

त्यांनी पैसे उंबऱ्यावर ठेवले. मुलगी महिनाभर शिकली होती, तरी फी पूर्ण परत दिली. जणू ती तिथं कधी बसलीच नव्हती.