वरातीची घोडी

हरभऱ्याची डाळ भिजत घातली की त्या ओल्या, कच्च्या वासानं मला महाराजपुरच्या घरामागचं मैदान आठवतं. घोड्यावर बसायला मला दादानं शिकवलं होतं. लग्न ठरलेलं असताना तो अपघातात गेला, आणि त्यानंतर रिकिबीत पाय ठेवायला मी धजेना. मी पुन्हा बसावं म्हणून आईनं वरातीच्या कामातून काढलेली एक पांढरी घोडी घरी आणली. तिच्या आयाळीत अजून जरीचे धागे अडकलेले होते. त्या सकाळी मी कशीबशी चढले, पण ती जागची हलेना. टाच मारली, चुचकारलं, "चलो, चलो ना" म्हणून विनवलं. तेवढ्यात वड्यांसाठी भिजवलेली डाळ वाटीत घेऊन आई बाहेर आली. "उतर आधी. लग्नाची घोडी आहे ती. नवरदेवाच्या बहिणीनं डाळ चारल्याशिवाय काहून चालेल?" आई बोलून गेली आणि मग माझ्याकडे न बघताच तिनं वाटी माझ्यासमोर धरली. मी उतरले, डाळ ओंजळीत घेऊन पुढे केली. गरम, मऊ ओठांनी घोडीनं ती सगळी टिपली. मी पुन्हा चढले तशी ती निघाली, मान उंच धरून, संथ, पाठीवरच्याला जपत. तोंडावर वारा आला आणि कितीतरी महिन्यांनी मला हसू फुटलं. फाटकाशी आई रिकामी वाटी धरून उभी होती. आता मी तिला मनसोक्त पळवते. पण निघताना पहिली काही पावलं ती नवरदेवाला नेल्यासारखीच टाकते. तेवढं अंतर मी टाच मारत नाही. ते दादाचं आहे.