यार्डाच्या बाजूचा षटकार

वाळलेल्या मिरचीचा ठसका लागला की मला धर्माबादचा तो अंतिम सामना आठवतो. मैदानाला लागूनच मिरचीचं यार्ड होतं आणि वारा सुटला की पंचांसकट सगळे शिंकायचे. ढिगात चेंडू शोधणाऱ्याचे डोळे तासभर जळायचे, म्हणून तिथला नियमच होता की फटका थेट यार्डात गेला तर फलंदाज आऊट. त्यांची शेवटची जोडी खेळत होती, एका मोठ्या फटक्यात सामना संपणार होता आणि माझ्या फिरकीवर समोरच्या दांडग्यानं नुकतेच सरळ दोन षटकार ठोकले होते. यार्डाकडं मात्र तो बॅट फिरवतच नव्हता. आमचे कप्तान म्हणजे माझ्या बहिणीचे मालक. ते धावत आले. "सपाट टाक की. लई मारून राहिला तो." "मारू द्या, दाजी," मी म्हणालो आणि यार्डाच्या बाजूचा एकुलता एक खेळाडू उचलून समोर सीमारेषेवर नेऊन उभा केला. ती मोकळी बाजू त्यानं एकदा बघितली, पुन्हा बघितली. मी चेंडू आणखी हळू, आणखी उंच, त्याच्या पायांवर सोडला. त्यानं तो इतका सुरेख मारला की यार्डाच्या भिंतीपलीकडं जाईपर्यंत मीही बघत राहिलो. नियम विसरून त्यानं जिंकल्यासारखे दोन्ही हात वर केले, तेवढ्यात पंचांचं बोटही वर गेलं. दाजींनी मला खांद्यावर घेतलं तेव्हा आम्ही दोघंही शिंकत होतो. आता घरी तिखट कांडलं की सगळे खोकत बाहेर पळतात. मी आत बसून छाती भरून श्वास घेतो.