खोगिराच्या पोटातला नंबर

कांचघर भागातल्या आमच्या घरामागे टिनाची एक शेड आहे. बाबांनी ती कारसाठी बांधली होती. कार काही आली नाही, घोडी आली. पांढरी, वरातीत चालणारी, स्वभावाने जराशी आळशी. तिचा मालक आमच्याच भागात दाट वस्तीत राहायचा आणि त्याच्या दारात घोडी बांधायला जागा नव्हती. आईने त्याच्याशी भाड्याचं बोलणं केलं. बाबा सुरक्षेचं बोलले.

बाबा संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात गेटवर नोकरीला होते. जन्मभर त्यांनी माणसांचे डबे उघडून पाहिले. रिटायर झाल्यावर पाहण्यासारखे डबे उरले नाहीत. आई बाजारातून आली की ते तिच्या पिशवीत डोकावायचे, मी बँकेतून आले की माझ्या पर्सकडे बघत राहायचे. घोडी आली आणि आम्ही दोघी सुटलो.

त्यातच शहरातल्या अधारताल भागात कोणाचंतरी खोगीर चोरीला गेल्याची बातमी घोडीवाल्याने आणली. बाबांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी बऱ्याच दिवसांनी पाहिला. ते ओमतीच्या बाजारात जाऊन भलंमोठं कुलूप घेऊन आले. घोडीचे चारही बाजूंनी फोटो काढले, कपाळावरच्या भोवऱ्याचा जवळून वेगळा काढला. आई म्हणाली, आपल्या लग्नात माझे एवढे फोटो कोणी काढले नव्हते. घोडीसाठी पितळी बिल्ला झाला. बाहेर जाताना तो गळ्यात असलाच पाहिजे, परत आली की बाबांकडे जमा. एकदा घोडीवाला बिल्ला शेडमध्ये विसरला, तर बाबांनी नटूनथटून निघालेल्या घोडीला फाटकातून परत पाठवलं.

मग एका दुपारी ते खोगीर घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ ठकठक चालली होती. बाहेर आल्यावर म्हणाले, खोगिराच्या पोटाला, खालच्या चामड्यावर नंबर ठोकला आहे. कोणता, ते आईलाही सांगितलं नाही आणि घोडीवाल्यालाही नाही. घोडीवाल्याने विचारलंही नाही. त्याने बाबांच्या बाबतीत प्रश्न विचारणं केव्हाच सोडलं होतं.

सगळ्यात शेवटी शेडच्या दाराला घंटा लागली. दार हललं की वाजायची. घोडीला चार दिवसांत कळलं की दाराला नाक लावलं की घंटा वाजते आणि घंटा वाजली की आई गूळ घेऊन येते. त्यानंतर घंटा दिवसभर वाजू लागली. आधी अख्खी गल्ली धावायची, मग फक्त आम्ही, मग फक्त आई, आणि मग आईसुद्धा स्वयंपाकघरातूनच ओरडून तिला थांबायला सांगायची.

चोरी झाली ती दुपारी. घोडी मालकाबरोबर नालबंदाकडे गेली होती. बाबा जेवून आडवे झाले होते. घंटा वाजली. घोडी घरात नाही हे आईच्या लक्षातच आलं नाही. ती आतूनच म्हणाली, "देते माय, थांब जराशी." चोराने तेवढ्यात खोगीर, लगाम आणि जरीची झूल उचलली. ओमतीचं कुलूप दाराच्या कडीला व्यवस्थित लटकलेलं होतं, फक्त ते लावलेलं नव्हतं. किल्ली हरवू नये म्हणून बाबा ते लावायचे नाहीत.

ठाण्यात मीच त्यांना स्कूटरवर घेऊन गेले. तिथल्या हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं. घोडी चोरीला गेलेली नाही, हे त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने विचारलं, खोगिराची काही ओळख आहे का? आहे, बाबा म्हणाले. काय आहे? सांगता येणार नाही, बाबा म्हणाले, ती गुप्त आहे. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

परतताना बाबांनी मागे बसून आपला हिशेब मांडला. चोरलेलं खोगीर कोणी घरात मांडून बघत बसत नाही. लग्नसराई चालू आहे. ते कोणत्या ना कोणत्या घोडीवर चढणारच. तेव्हापासून माझी बँक सुटली की आम्ही दोघं शहरातल्या वराती बघत फिरायला लागलो. नवरदेव कसा आहे, याकडे आमचं लक्षच नसायचं. आम्ही त्याच्या खाली बघायचो.

अधारतालच्या मोठ्या रस्त्यावर, दिवे लागायच्या वेळेला, बाबांनी माझा खांदा दाबला. वरात दुकानांसमोर अडून होती. घोडी अनोळखी होती, पण पाय अडकवायची उजवी रिकीब पितळी होती आणि डावी लोखंडी. आमच्या खोगिराचीही अशीच विजोड जोडी होती.

"तेच आहे," बाबा म्हणाले. "पण नंबर खालच्या अंगाला आहे."

खालचं अंग बघायचं तर खोगीर उलटं करावं लागणार होतं, आणि वर नवरदेव बसला होता. मी त्यांना सांगितलं की चालत्या वरातीत कोणाच्या पोराला खाली उतरवलं तर आपल्याला मार पडेल. त्यांनाही ते पटलं. त्यांनी आमच्या घोडीवाल्याला फोन करून बोलावून घेतलं आणि स्वतः गर्दीत शिरून लोखंडी रिकीब धरली. मी स्कूटर एका दुकानासमोर लावून त्यांच्या मागे गेले.

नवरदेवाने तोंडावरचा सेहरा बाजूला करून खाली पाहिलं आणि विचारलं, आप कौन?

बाबा अदबीने म्हणाले, "आप आराम से बैठिए. बस, जहाँ आप बैठे हैं, वो हमारा है."

पोरगा बिचारा त्यानंतर पूर्ण रस्ताभर नीट बसला नाही.

वरात काही पुढे सरकेना. बाबांनी नाचणाऱ्यांना कारखान्याच्या गेटवरच्या आवाजात ओळ करायला लावली, आणि नवल म्हणजे त्यांनी केली. मंगल कार्यालयाच्या दाराशी मुलीकडचे हार घेऊन उभे होते. दोन्हीकडच्या काका-मामांची गळाभेट सुरू झाली. रिकीब धरून एवढ्या ऐटीत चालणारा म्हातारा म्हणजे मुलाचा थोरला काकाच, असं समजून एका गृहस्थाने बाबांना हार घातला, मिठी मारली आणि उचलून धरलं. बाबांनी उचललेल्या अवस्थेतही रिकीब सोडली नाही. मला कुंकू लागलं. धापा टाकत पोचलेल्या घोडीवाल्याला फेटा मिळाला.

मग नवरदेव रुसला. खाली उतरायला त्याला मनवावं लागतं, अशी त्यांच्याकडे रीत होती. सगळे हसत उभे होते. बाबांना हसू येईना. ते म्हणाले, "उतरो बेटा. मैं हाथ जोड़ता हूँ." एवढा कळवळा मुलाच्या सख्ख्या बापाच्याही आवाजात नव्हता. मुलगा उतरला.

तो दारातून आत जाईपर्यंत घोडीवाल्याने पट्टा सोडला होता. दोघांनी खोगीर जनरेटरच्या दिव्यापाशी नेऊन उलटं केलं. नंबर होता. त्या घोडीबरोबर आलेल्या माणसाने तो पाहिला आणि लगेच हात जोडले. खोगीर, लगाम त्याने कुणाकडून तरी घेतले होते, झूल तेव्हाही मिळाली नव्हती. वाद त्याने घातला नाही. नुसतं एवढंच विचारलं की घोडीला आता असंच उघड्या पाठीने परत नेऊ का? बाबांनी आपल्या गळ्यातला हार काढून तिला घातला.

मी वाकून नंबर वाचला. बाबांचा कारखान्यातला नंबर होता. हजेरीला रोज पुकारत तो. लहानपणी मला तो आमच्या घराच्या नंबराआधी पाठ झाला होता. त्यांनी तो खोगिराच्या पोटावर इतका सरळ, एकसारखा ठोकला होता की मी त्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"काहून गं, असं काय पाहून राहिली?" ते म्हणाले. "विसरणार नाही असा दुसरा नंबर होता का माझ्यापाशी?"

मुलीकडच्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाबा बसले, शेजारच्या खुर्चीवर खोगीर बसलं. हार घालणारे गृहस्थ वाढायला आले आणि कौतुकाने नातं विचारू लागले. बाबांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "हम घोड़ी की तरफ़ से हैं." त्या गृहस्थांनी समजून मान हलवली आणि एक गुलाबजाम जास्त वाढला.

परत जाताना स्कूटरवर खोगीर ठेवायला जागा नव्हती. शेवटी ते मागच्या सीटवर बांधलं आणि बाबा त्याच्यावर बसले. दोन्ही पाय रिकिबीत होते. सिग्नलला बाजूच्या ऑटोतली माणसं आमच्याकडे पाहत होती. बाबांनी समोर पाहत मला हळूच सांगितलं, आरामात चालव, घाई नाही.

चोर सापडला नाही. पण ही गोष्ट घोडीवाल्यांत पसरली आणि रविवारी आमच्या अंगणात खोगिरांची रांग लागू लागली. आई चहा करायची, बाबा आतल्या खोलीत ठकठक करायचे. प्रत्येकाला ते विचारायचे, कधीही विसरणार नाहीस असा नंबर सांग. कोणी गाडीचा सांगायचा, कोणी रेल्वेच्या क्वार्टरचा. एकाला खूप विचार करूनही आठवेना, तर तो घरी जाऊन बायकोला विचारून आला.

मागच्या महिन्यात एक बँडवाला त्याचा मोठा ढोल घेऊन आला. बाबांनी ढोल फिरवून फिरवून पाहिला, कातड्यावर बोट वाजवून पाहिलं. म्हणाले, आवाज बिघडणार नाही अशी जागा शोधावी लागेल, ठेवून जा. ढोल सध्या आमच्या बैठकीत आहे. आई त्याच्यावर निवडायची भाजी ठेवते.