सोमवारची गोळी

“गोळी बंदच करा सर. लेकरू जेवंना झालंय,” वैष्णवीची आई म्हणाली.

“अन् परत वर्गातून पळाली तर?” वडिलांनी विचारलं. राणीसावरगावचे शेतकरी, एरवी शांत माणूस.

मी लहान मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ. दर गुरुवारी परभणीहून एसटीनं गंगाखेडला जायचो आणि एका मित्राच्या दवाखान्यात ओपीडी घ्यायचो. खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर दिसायचे. गेल्या वर्षी रिटायर झालो. गुरुवारी सकाळी अजून करमत नाही.

वैष्णवीला एडीएचडी होता. म्हणजे डोकं हुशार, पण लक्ष आणि अंग एका जागी ठरत नाही. दुसरीत असताना ती वर्गातून उठून थेट रस्त्यावर गेली होती. ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. मग मी गोळी सुरू केली. या गोळीचा असर त्या दिवसापुरताच असतो. लक्ष ठरतं, पण भूक मरते. आता ती चौथीत होती आणि सहा महिने वजनाचा काटा हलला नव्हता.

सुरळीत चाललंय तर हात कशाला लावा, असं माझं मत. “वार्षिक परीक्षेपर्यंत चालू ठेवू,” मी म्हणालो.

आई म्हणाली, “सोमवारी तर तशीच जाती की शाळंला.”

“तशीच म्हंजे? तू गोळी देईनास?” वडील खुर्चीतून उठलेच.

“माझ्यासंगं उपास धरती ती. सरांनीच सांगितलंय, जेवल्याबिगर गोळी द्यायची न्हाई.”

“अन् साबुदाणा?” मी विचारलं.

“ते फराळ हाय, सर. जेवण न्हवं.”

मी कपाळाला हात लावला. सूचना माझीच होती आणि बाईंनी ती तंतोतंत पाळली होती.

माझ्या सांगण्यावरून वर्गशिक्षिका रोज एका वहीत वैष्णवीबद्दल एक ओळ लिहायच्या. सोमवारी गोळी नसते हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी कॅलेंडर घेऊन तेवढेच सोमवार काढले. सुरुवातीला, ‘तीनदा बाहेर गेली.’ पुढं, ‘एकदा उठली.’ दिवाळीनंतर, ‘गणितं पुरी केली.’ एका सोमवारी शेजारणीचा डबा सांडला होता, पण तसा तो बुधवारी, गोळी घेतलेल्या दिवशीही सांडला होता. ठरवून केली असती तरी इतकी चोख तपासणी मला जमली नसती.

“महिनाभर बंद करू,” मी म्हणालो. “पुढच्या बाकावर बसवा. वही चालू राहू द्या. दर गुरुवारी दाखवा.”

“जिम्मेदारी तुमची,” वडील म्हणाले.

“माझी.”

म्हणालो खरा, पण तो महिना मी भीतीतच काढला. एसटीतून उतरलो की आधी दवाखान्याच्या बाकावर वैष्णवी दिसते का बघायचो. दर वेळी ती असायची, पाय हलवत, पण बसलेली. चौथ्या गुरुवारी वजन किलोभर वाढलेलं निघालं. वडील पहिल्यांदाच हसले. “घरात भाकर पुरंना झालीय, सर.”

गोळी परत लागली नाही. सगळ्यांचंच असं होत नाही, काहींना पुन्हा सुरू करावी लागते.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी कुठल्याच आईला ‘गोळी रोज देता का?’ असं विचारलं नाही. त्याला सगळे हो म्हणतात. ‘कोणत्या वारी देत नाही?’ असं विचारायचो.