खालचा उजवा कोपरा

आमच्या नातीचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. रोज सकाळी मी दात घासून बाहेर आलो, की ती मला खुर्चीवर बसवते, "आ करा" म्हणते आणि तोंडात टॉर्च मारते. वय वर्षं साडेपाच.

"आजोबा, आतून घासले नाहीत. परत जा."

मी परत जातो. नोकरीत पस्तीस वर्षं काढली, पण एवढ्या निमूटपणे कुठल्या साहेबाचं ऐकल्याचं आठवत नाही.

हे सगळं नळमावशीचं काम. नळमावशी म्हणजे नातीच्या बालवाडीतली मदतनीस. पन्नाशीची, ठेंगणी, बाह्या कायम कोपरापर्यंत सारलेल्या. मुलांचे हात धुणं, नाकं पुसणं, सांडलेलं टिपणं ही तिची कामं, आणि ती सगळी मागच्या व्हरांड्यातल्या सहा बुटक्या नळांपाशी चालतात, म्हणून नळमावशी. बाई बोलायला फटकळ, पण हसताना मात्र तिचा हात चटकन तोंडावर जायचा. कितीही हसू येवो, ते तळव्यामागेच. मला वाटायचं, असेल लाजाळू.

जेवणानंतर दात घासायची टूम तिचीच. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, आधी तयारच नव्हत्या.

"अहो मावशी, जेवली की मुलं पेंगायला लागतात. त्यात दहा मिनिटं दातांत घालवायची?"

"बाई, तीन महिने देऊन तर बघा."

"बरं. दातांच्या डॉक्टर तपासायला येतील तेव्हा ठरवू. फरक दिसला तर ठीक, नाहीतर ती दहा मिनिटं अक्षरं गिरवायला."

तेव्हापासून मावशी इरेला पेटली. मी नातीला आणायला मुद्दाम लवकर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसायचो. तिकीट लावलं असतं तरी गेलो असतो. तीस मुलं, तीस ब्रश, प्रत्येकावर वाटाण्याएवढी पेस्ट. मावशी समोर उभी राहून आपला ब्रश आपल्याच तोंडात घालायची आणि म्हणायची, "मी करते तस्सं करायचं. कमी नाही, जास्त नाही." मग एका हाताच्या बोटांवर मोजत एकेक जागा. मुलं इतकी इमानी, की मावशी खाकरली तर तीस गळे खाकरायचे. एकदा तिनं कान खाजवला. तीस कान खाजवले गेले.

दोऱ्याचा धडा तर बघण्यासारखा. सहा मुलांना खांद्याला खांदा लावून उभं करायचं. ते दात. त्यांच्या खांद्यांमध्ये कागदाचे बोळे खुपसायचे. ते जेवणाचे कण. मग एकानं मोठा झाडू घेऊन पुढून झाडायचं. बोळे ढिम्म हलत नसत. "बघा! ब्रश भिंतीवरून फिरतो, फटीत शिरत नाही." मग दोन खांद्यांमधून जाड दोरी खालीवर केली, की बोळा टपकन खाली आणि 'दातांना' गुदगुल्या. घरी न्यायला आलेल्या आयांना ती बजावायची, "खरा दोरा तुम्ही फिरवायचा हं, रोज झोपायच्या आधी. त्यांच्या बोटांना अजून जमायचं नाही."

घरी नात घासायला उभी राहिली की आरशात मावशीच दिसे. फक्त एक गोष्ट मला खटकली. खाली उजवीकडे आली, की तिचा ब्रश तिथून टुणकन उडी मारून पुढे जायचा.

"अगं, हा कोपरा राहिला."

"तिथं नाही घासायचं. मावशी नाही घासत."

असेल काही शास्त्र, म्हणून मी गप्प बसलो.

तपासणीच्या दिवशी मी बाकावर होतोच. डॉक्टर तरुण, गोड आवाजाची मुलगी. तिनं प्रत्येकाला एक लाल गोळी चावायला दिली. "चावा, थुंका आणि मला हसून दाखवा. ब्रश पोचला नसेल तिथं लाल राहील."

पहिलं पोरगं हसलं. सगळे दात स्वच्छ, फक्त खालच्या उजव्या दाढा लालभडक. दुसरं, तेच. तिसरं, तेच. आमचं रत्न सहावं, तेही तेच. दहाव्याला डॉक्टरला हसू आवरेना. "ही सगळी एका आईची आहेत का हो?"

एकच मुलगा वेगळा निघाला. त्याचं तोंड या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. तो कालच बालवाडीत आला होता.

मोठ्या बाईंनी चष्मा सारखा केला. "मावशी, म्हणजे शिकवण्यातच कुठेतरी चुकतंय."

मावशीचा चेहरा पांढराफटक. दहा मिनिटं जाणार हे तिला दिसत होतं, आणि का जाणार हे मात्र कळत नव्हतं.

"तुम्ही शिकवता कसं, मला करून दाखवा ना," डॉक्टर म्हणाली.

मावशी मुलांसमोर उभी राहिली. ब्रश वर फिरला, खाली फिरला, आणि तिच्या डाव्या बाजूला, खाली, टुणकन उडी मारून पुढे गेला. तिची डावी बाजू म्हणजे समोरच्या मुलांची उजवी.

"तिथं काय झालं मावशी?"

मावशीचा हात तोंडावर गेला. डॉक्टरच्या लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, "राहू दे, आपण नंतर आत जाऊन बोलू."

मावशीनं तीस लाल कोपऱ्यांकडे पाहिलं. मग हात खाली घेतला, बोटानं गाल बाजूला ओढला आणि सगळ्यांना आतलं दाखवलं.

"इथं तीन दाढा होत्या. दुखली की लवंग धरायची, एवढंच ठाऊक. एक काढली, मग दुसरी, मग तिसरी. घासायला नाहीच काही, तर ब्रश कशाला थांबेल? माझ्या ध्यानातच आलं नाही."

तेवढ्यात पुढचे दोन दात पडलेला एक पोरगा, ज्याला सगळी पोरं 'खिडकी' म्हणत, तो पुढे घुसला.

"मावशी! तुझे पण पडले? माझे बघ!"

त्याबरोबर झुंबड उडाली. "माझा पण हलतोय!" "माझा काल पडला!" आमची नात हिरमुसली, तिचा अजून एकही हलत नव्हता. आयुष्यभर जे तळव्यामागे लपवलं, ते या मंडळींच्या दरबारी मोठेपणाचं निघालं.

"मग तुझे नवे कधी येणार?" खिडकीनं विचारलं.

"नाही येणार रे राजा."

"का?"

"नवे एकदाच येतात. ते माझे नवेच होते."

खिडकीनं यावर बराच विचार केला. मग आपला ब्रश उचलून तो खालच्या उजव्या कोपऱ्यात घातला. एकेक करत तीस ब्रश तिथं पोचले. आमची नात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, तू पण घास तिथं. नाहीतर आम्ही विसरू ना!"

आणि मावशीनं आपल्या रिकाम्या हिरडीवर हलकेच ब्रश फिरवला, बोटांवर दहा मोजून.

मोठ्या बाई कालच आलेल्या लालभडक मुलाकडे आणि मग बाकीच्या तीस जणांकडे आळीपाळीनं बघत होत्या. "फरक तर दिसतोय," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं पुरणार नाहीत मावशी. बारा घ्या."

निघताना डॉक्टरनं मावशीला बाजूला घेतलं. "दवाखान्यात या. नव्या दाढा छान बसवता येतील."

"येईन की," मावशी ओले ब्रश गोळा करत म्हणाली. "पण ही पोरं पहिलीत जाऊ देत. तोवर शिकवायला लागते ती जागा."

आणि ती खळखळून हसली. दोन्ही हातांत ब्रश होते, पण ते खाली ठेवायची काही तिला घाई दिसली नाही.