आप्पांनी नापास केलेलं गाणं

माझ्या धाकट्या दिराचं आयुष्य मी एका संध्याकाळी मार्गी लावलं. मार्ग तेवढा चुकला.

सासूबाई गेल्या त्या वर्षीची गोष्ट. थेरगावातलं आमचं घर इतकं गप्प झालं होतं, की भांडं पडलं तरी बरं वाटायचं. सासरे, म्हणजे आप्पा, पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. पार्ट मापात बसला तर पास, नाहीतर त्यावर लाल रंगाचा ठिपका. लवकरच ते रिटायर होणार आणि त्यांच्या जागी कंपनी घरातला एक मुलगा घेणार. माझे यजमान आधीच नोकरीला होते. उरला अशोक. आणि अशोकला गिटार वाजवायची होती! तीही मुंबईला जाऊन, मित्रांच्या बँडमध्ये, पोटापाण्यासाठी!

“वैनी, तुमी बोला की आप्पांशी.”

“बोलून काय होणार, भावजी? गाणं म्हणजे उडाणटप्पूपणा नाही, कष्ट असतात, हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे.”

अशोकच्या मित्राने पुण्याच्या फिल्म क्लबातून एक माहितीपट आणला. विलायतेतल्या चार केसाळ पोरांनी आपली गाजलेली रॉक रेकॉर्ड कशी तयार केली, त्याचा. प्रोजेक्टरही आणला. भिंतीवरचा सासूबाईंचा फोटो उतरवून मी तिथे चादर ठोकली. (अपशकुन मी मानत नाही. त्या दिवशी मानायला हरकत नव्हती.)

आप्पा हाताची घडी घालून बसले.

“ह्यांची शिफ्ट कदी सुटती?”

“शिफ्ट नसते, आप्पा. गाणं जमेस्तोवर उठत न्हाईत.”

“ओवरटाइम?”

“न्हाई.”

आप्पा खुर्चीवर पुढे सरकले. मी अशोकला डोळ्यांनी खुणावलं: जमलं!

चादरीवरची पोरं एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होती. काचेमागे बसलेला एक टकल्या दर वेळी मान हलवून नको म्हणायचा.

“ह्यो काचंमागचा कोन?”

“त्याला पटलं तरच गाणं पुढं जातं, आप्पा.”

“म्हंजे इन्स्पेक्टर!”

सासूबाई गेल्यापासून आप्पांच्या चेहऱ्यावर एवढा उजेड मी पाहिला नव्हता. टकल्याने मान हलवली, की आप्पा मांडीवर थाप मारत: “रिजेक्ट!” पुढे त्यांनी टकल्याची वाट पाहणंही सोडलं. त्याने पास केलेलंही ते नापास करू लागले. “हे कसं सोडलं ह्यानं? झोपलाय व्हय रं?”

दिवा लागला. “लई कष्टाचं काम हाय,” आप्पा म्हणाले.

“मग जाऊ मुंबईला?”

“जा की! आदी एक गाणं माझ्याकडनं पास करून घे.”

झालं! आप्पा कामावरून आले, की चहा घेऊन ओसरीवर बसत. अशोक समोर गिटार घेऊन.

“परत.”

“पण चुकलं काय, आप्पा?”

“ते तुला कळाया पायजे.”

आप्पांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नापास करण्याचा अनुभव दांडगा! आणि मी? मी स्वयंपाकघरातून ओरडायची, “भावजी, अजून एकदा! होतील पास!” अशोकची बोटं सोलवटली. शेजारच्यांना ते गाणं पाठ झालं, त्यांची पोरंही “रिजेक्ट! रिजेक्ट!” खेळू लागली. शेवटी एक दिवस अशोकचे मित्र मुंबईला निघायचं म्हणून सामान घेऊन दारात आले. अशोकने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान हलवली. मित्र चहासुद्धा न घेता निघून गेले, आणि अशोक आप्पांच्या टेबलावर लाल ठिपके द्यायला लागला.

आप्पा आता रिटायर. दिवसभर ओसरीवर एकटेच. घर पुन्हा गप्प. एका संध्याकाळी अशोक घरी येऊन नखांतला लाल रंग काढत होता. आप्पा हळूच म्हणाले, “अशोक, ते वाजीव की जरा.”

अशोकने मान वर केली नाही. “पास व्हायचं न्हाई, आप्पा.”

 मला ते बघवेना. कुणीतरी काहीतरी करायला हवं ना! म्हणून मीच म्हणाले, “आप्पा, भावजी, दुसरा एखादा सिनेमा मागवू या का?”

दोघांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की तेव्हापासून या घरात भाजी कोणती करू, यापलीकडे मी काही सुचवत नाही.